घरचा आर्किटेक्ट

माझा भाचा आर्किटेक्ट झाला ही बातमी पुण्याहून वर्ध्याला पोचायला दोन दिवस लागले आणि आमच्या घरी लोकांचे नकाशे येऊन पोचायला तीन. पहिला नकाशा शेजारच्या काकांचा. त्यांना गच्चीवर एक खोली काढायची होती. दुसरा आमच्या हेडकॅशियरचा. तिसऱ्या गृहस्थांनी नकाशा आणलाच नव्हता, नुसता सातबारा आणला होता. ‘‘बाकी तुमचा भाचा पाहून घेईल,’’ असं म्हणून ते चहाची वाट पाहत बसले.

‘‘मामा, मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आहे हो!’’ भाचा फोनवर कळवळून सांगे.

‘‘असू दे रे. सॉफ्ट तर सॉफ्ट. तीस बाय पन्नासचाच तर प्लॉट आहे.’’

आता यात माझी फार चूक होती असं मला वाटत नाही. मी साधा बी. कॉम. माणूस. गेली वीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. हल्ली आमच्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात, पण ही गोष्ट मी आणि माझं पगारपत्रक यांच्याखेरीज कुणालाच माहीत नाही. खिडकीवर येणारा म्हातारा मला अजून ‘ओ बाबू’च म्हणतो. तेव्हा पदाच्या नावावरून माणूस काय काम करतो ते ओळखू नये, हे मला तरी कळायला हवं होतं.

गेल्या उन्हाळ्यात भाचा महिनाभर आमच्याकडे राहायला आला. सुटी नव्हे, ‘वर्क फ्रॉम होम’. मे महिन्यात पुणं सोडून वर्ध्याला येणारा हा पहिलाच मनुष्य पाहून मला संशय आला. त्यानं माडीवरची खोली घेतली, कूलरसमोर टेबल मांडलं आणि कानाला यंत्र लावून बसला. रोज सकाळी अकराला त्यांची सभा भरे. तिला ‘स्टँडअप’ म्हणतात. पंधरा मिनिटांची सभा. प्रत्येकानं तीनच गोष्टी सांगायच्या : काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय. सभा उभ्यानं घ्यायची, म्हणजे माणसं लवकर कंटाळतात. आमच्या बँकेतल्या सभा बसून होतात, त्यामुळे माणसं लवकर झोपतात. तत्त्व एकच.

चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की, इतर मंडळी ‘हे केलं, ते केलं’ असं सांगतात, पण आमचा भाचा बहुतेक वेळा प्रश्नच विचारतो. ‘‘हे असं का?’’ ‘‘उद्या हे बदलायचं झालं तर?’’ ‘‘त्या दुसऱ्या टीमला सांगितलंय का?’’

‘‘अरे, तू काम काय करतोस?’’ मी एका रात्री गच्चीवर विचारलं.

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘मामा, आमच्या कंपनीतसुद्धा सध्या हेच विचारतायत.’’

मग सगळं बाहेर आलं. झालं होतं असं. २००१ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा प्रांतात स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा प्रोग्रामर जमले आणि त्यांनी एक जाहीरनामा काढला. आधी दोन वर्षं नकाशे काढायचे, मग तीन वर्षं बांधायचं आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणणार, ‘मला हे नको होतं’, ही जुनी पद्धत बंद. थोडं बांधा, दाखवा, सुधारा, पुन्हा थोडं बांधा. याचं नाव ‘अजाइल’, म्हणजे आपल्या भाषेत चपळ. आणि त्या जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांत एक असंही आहे की, उत्तम रचना ही आपलं आपण काम वाटून घेणाऱ्या टीममधूनच उगवते.

‘‘रचना आपोआप उगवते, तर मग रचनाकाराला पगार कशाला, असं आमचे नवे साहेब विचारतात,’’ भाचा म्हणाला. ‘‘महिनाअखेरपर्यंत मी एक टिपण द्यायचंय, या पदाची गरज काय म्हणून.’’

मी हळहळलो. आपण हवे आहोत की नाही, हे आपल्यालाच लिहून द्यायला लावणं म्हणजे बकऱ्याकडूनच मसाल्याची यादी मागवण्यासारखं आहे.

‘‘त्या सतरांपैकीच मार्टिन फाउलर म्हणून एक आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांनी २००३ साली लेख लिहिला होता, आर्किटेक्ट हवाय कुणाला, अशा नावाचा. त्यांच्या मते दोन जाती असतात. एक, सगळे महत्त्वाचे निर्णय स्वतः घेऊन वरून खाली धाडणारा. दुसरा, माणसांत राहून काम करणारा, पुढचे खड्डे आधी पाहणारा आणि इतरांना शहाणं करून सोडणारा. दुसरा हवा, पहिला नको.’’

‘‘आणि तू कोणता?’’

‘‘तेच तर ठरवायचंय, मामा.’’

ते ठरवण्याची संधी त्याला आमच्या घरानंच दिली, आणि फार वाईट रीतीनं दिली.

आमचं घर मुळातच अजाइल. सतरा माणसं स्नोबर्डला जमण्याच्या कितीतरी आधी आमच्या बाबांनी ही पद्धत वर्ध्यात राबवली होती. १९८२ साली दोन खोल्या. १९८७ साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून मागं स्वयंपाकघर. १९९४ साली न्हाणी आणि संडास घरात आले. २००९ साली मी स्टाफ लोन काढून माडी चढवली. दर वेळी हाती पैसा आला की थोडं बांधलं, दाखवलं, सत्यनारायण केला. प्रत्येक खोली आपल्या जागी उत्तम आहे. फक्त एकूण घर म्हणून पाहिलं की माणूस विचारात पडतो. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना सहा इंच खाली उतरावं लागतं. स्वयंपाकघरातून न्हाणीत जाताना आठ इंच वर चढावं लागतं. आम्हाला सवय होती. पाहुणे पहिल्या दिवशी ठेचकाळत आणि दुसऱ्या दिवशी घरचे होत.

त्या मे महिन्यात आई पहाटे न्हाणीकडे जाताना त्या पायरीवरून पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. हाड मोडलं नाही हे नशीब. पण मनगट सुजलं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिनं पाणी पिणं कमी केलं. बाहेर त्रेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री ऊन आणि ही अर्ध्या पेल्यावर! बायकोनं हळूच विचारलं तेव्हा कळलं, वारंवार न्हाणीत जावं लागू नये म्हणून. ते ऐकून मी कूलरचं पाणी भरायच्या निमित्तानं अंगणात गेलो आणि बराच वेळ भरत राहिलो.

नागपूरचे दादा फोनवर म्हणाले, ‘‘तिला मी इकडे घेऊन जातो. फ्लॅट आहे. सगळं एका लेव्हलला.’’

आई म्हणाली, ‘‘मले कुठी न्याचं नाई. माह्या घरात मी पडीन, नाईतर उभी राहीन.’’

तेव्हा घरच दुरुस्त करायचं ठरलं. मिस्त्री आले. वीस वर्षांचे ओळखीचे. त्यांनी कमरेवर हात ठेवून न्हाणीकडे पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘काई नाई जी. न्हाणीचं जोतं तोडू, खाली घेऊ. आधी तोडू, मंग पाहू.’’ हेही अजाइलच. त्याच दिवशी दादांनी मिस्त्रींना फोन करून बिनघसरत्या टाइल्स सांगितल्या, ताईनं फोन करून कमोड सांगितला, आणि माझ्या बायकोनं समक्ष उभं राहून नव्या ओट्याचं सूतोवाच केलं. ज्याचा फोन शेवटचा त्याचं काम आधी, असा मिस्त्रींचा हिशेब. भाचा म्हणाला, ‘‘मामा, मेल्विन कॉनवे म्हणून एकानं १९६८ सालीच लिहून ठेवलंय. माणसं एकमेकांशी जशी बोलतात तसाच आकार त्यांच्या हातून घडणाऱ्या वस्तूला येतो.’’ आमच्या घराच्या पायऱ्या कुठून आल्या ते मला त्या दिवशी कळलं. काका, बाबा आणि आजोबा एकमेकांशी बोलत नसत.

आता आर्किटेक्ट घरात असताना बाहेरचा कशाला शोधायचा? सगळ्यांनी भाच्याकडे पाहिलं. त्यानं शेवटचं एकदा ‘मी सॉफ्टवेअर...’ असं म्हणून पाहिलं, पण आजीचं सुजलेलं मनगट पाहून तो गप्प झाला.

रात्रभर बसून त्यानं नकाशा काढला. काय नकाशा होता! चौदा चौकोन, त्यांना जोडणारे बाण, तीन रंग. सकाळी त्यानं तो मिस्त्रींना समजावून सांगितला. मिस्त्रींनी ‘‘हाव, हाव’’ म्हणत सगळा ऐकून घेतला. दुपारी मी जेवायला घरी आलो तो मिस्त्री निंबाखाली बसले होते, समोर नकाशा पसरला होता आणि त्याच्यावर भाकर, मिरचीचा ठेचा आणि कांदा होता.

भाचा वरून पाहत होता. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, ‘‘ऑफिसातही हेच होतं मामा. फक्त तिथं भाकर दिसत नाही.’’

त्या संध्याकाळी त्याला जरा बरं वाटावं म्हणून मी स्कूटरवरून सेवाग्रामला घेऊन गेलो. आम्ही वर्धेकर सेवाग्रामला पाहुणे आल्याशिवाय जात नाही, हे आमचं खरं वैगुण्य. आश्रमात शांत होतं. मातीच्या भिंती, बांबू, वर कौलं. मी वाटाड्याच्या उत्साहानं माहिती देऊ लागलो. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी इथं राहायला आले. तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा व्हायचा, म्हणून १९४० साली सेवाग्राम झालं. त्या आधी मार्चमध्ये गांधीजींनी जमनालालजी बजाजांना झोपडीबद्दल कळवलं होतं : कमीत कमी खर्चात व्हावी, कसंही झालं तरी शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, आणि लागेल ती मदत गावातूनच घ्यावी.

‘‘आणि नकाशा?’’ भाच्यानं विचारलं.

‘‘खर्चाची मर्यादा सांगितली, मदत कुठून घ्यायची ते सांगितलं. एवढं मला ठाऊक आहे.’’

तो थबकला. मग आम्ही बापूकुटीत गेलो. ही मुळात मीराबेनची झोपडी, पुढं वाढवून गांधीजींसाठी केलेली. भिंतीवर मीराबेननं मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. इव्हान इलिच नावाचे मोठे विचारवंत १९७८ साली सेवाग्रामला परिषदेसाठी आले होते. ते या कुटीत बसले आणि नंतरचं सगळं भाषण या झोपडीवरच केलं. भाचा भाषणबिषण न करता अर्धा तास नुसता बसून राहिला. बाहेर आल्यावर म्हणाला, ‘‘मामा, झोपडी वाढवली तरी झोपडीच राहिली. कारण न बदलायच्या दोनतीन गोष्टी आधी पक्क्या होत्या. बाकीचं करणाऱ्यांवर सोडलं होतं. मी चौदा चौकोन काढले, तिथंच चुकलो.’’

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नकाशा काढणं बंद केलं आणि आजीच्या मागं मागं हिंडायला लागला. कुठं हात टेकते, कुठं थांबते, पहाटे दिवा लावते की नाही. मिस्त्रींबरोबर रेतीची घमेली उचलली. लेव्हल पाइपचं एक टोक धरून उभा राहिला. उचललेल्या घमेल्यांमुळे मिस्त्री त्याला ‘भाऊ’ म्हणू लागले आणि मग त्याचं ऐकूही लागले. सकाळी आठला अंगणात आमचा स्टँडअप सुरू झाला. चहा आणि गोरसपाक. दादा आणि ताई फोनवर, एकाच वेळी, म्हणजे शेवटचा फोन कुणाचाच नाही. आईला मात्र खुर्ची.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री पहार घेऊन न्हाणीपाशी उभे राहिले, तेव्हा भाच्यानं तोच आपला प्रश्न विचारला, ‘‘पण ही न्हाणी एवढी उंच केली का होती?’’

मी म्हणालो, ‘‘बाबांची हौस.’’ दादा म्हणाले, ‘‘वास्तुशास्त्र.’’ मिस्त्री म्हणाले, ‘‘जुन्या मिस्त्रीले लेव्हल समजत नव्हती.’’ हे मिस्त्री लोकांचं पहिल्या मिस्त्रीबद्दलचं कायमचं मत असतं. भाचा म्हणाला, प्रोग्रामर मंडळीही तसंच म्हणतात.

‘‘तुमच्या बापाले अक्कल होती,’’ खुर्चीतून आवाज आला.

सगळे वळले.

‘‘तवा सयपाकघरातच मोरी होती. न्हाणी बांधाच्या आदल्या वर्सी पावसात नालीचं पानी उलटं आलं ना बाप्पा, मोरीतून. घोट्याइतकं. पीठ गेलं, सरपण गेलं. तुह्या बाबानं पानी चढलं तिथं पेन्सिलीनं रेघ मारली आन् मोरी बुजवली. मंग न्हाणी बांधली ते रेघेच्या वर. आता तं रस्ता अजून उंच झाला. न्हाणी खाली घ्यान तं पुन्हा पानी घरात.’’

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. बाहेर जाऊन नाली पाहिली, लेव्हल पाइप लावला आणि परत येऊन आईला नमस्कारच केला, ‘‘बरोबर हाय माय. तोडलं असतं तं वाटोळं झालं असतं.’’

आणि मला एकाएकी आठवलं. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. स्वयंपाकघरात मी कागदाची होडी सोडली होती. ती इतकी वर्षं माझ्या स्मरणात आहे. पण स्वयंपाकघरात होडी का चालली, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बाबांच्या रेघेवरून त्यानंतर तीनदा रंग गेला. तिसरा माझ्या पैशानं.

कॉमर्सला आम्हाला जर्नल एंट्री शिकवत. नावे अमुक, जमा तमुक, आणि खाली कंसात नॅरेशन : हा व्यवहार कशाबद्दल. नॅरेशन लिहिली नाही तर सर मार्क कापत. आम्हाला तो छळ वाटे. आकडे जुळले ना, मग झालं! पण चाळीस वर्षांनी कोणी वही उघडली तर आकडे आपणहून बोलत नाहीत, बोलते ती नॅरेशन. आमच्या घरात एंट्र्या चिक्कार होत्या. नॅरेशन एकट्या आईच्या डोक्यात होती, आणि तिला आम्ही नागपूरला पाठवायला निघालो होतो.

हे मी भाच्याला सांगितलं तर तो उडालाच. ‘‘मामा, आमच्यात हेच करतात! मायकेल नायगार्ड यांनी २०११ साली सुचवलं. प्रत्येक मोठ्या निर्णयाला एक पान. परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. बस.’’

‘‘तुमच्या आधी लुका पाचोलीनं हिशेबवहीचे नियम छापलेत. १४९४ साली,’’ मी म्हणालो. बी. कॉम. माणसाला अशी संधी आयुष्यात एकदाच येते.

मग निर्णय झाला. न्हाणी खाली घ्यायची नाही, स्वयंपाकघर सहा इंच वर घ्यायचं. म्हणजे माजघर आणि स्वयंपाकघर एका पातळीवर, आणि न्हाणी उरली दोन इंच उंच, तिथं पायरीऐवजी ढाळ. भाच्यानं बजावलं, फुकट काही मिळत नाही. जमीन वर आली की दाराची उंची सहा इंचांनी घटणार आणि ओटा ठेंगणा होणार, तो नवा करावा लागणार. हा तोटा ऐकून माझ्या बायकोच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. दाराच्या चौकटीची किंमत दादांनी कपाळानं मोजली, दोनदा.

ही सहा इंचांची भर बाबांनी १९८७ साली मुरमाचे पैसे वाचवायला टाळली होती. भाचा म्हणाला, याला ‘टेक्निकल डेट’ म्हणतात. स्नोबर्डच्या सतरांतल्याच वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली हे कर्जाचं रूपक वापरलं. काम लवकर व्हावं म्हणून आज उसनवार करायची आणि मग व्याज भरत बसायचं. कर्ज म्हटल्यावर मी सावरून बसलो. आमच्याकडे नव्वद दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक धरतात. इथं जवळजवळ चाळीस वर्षं थकलं होतं. आणि त्याचं व्याज रोज, चढ-उतार करत, एकटी आई भरत होती. तिच्या नावावर कर्जही नव्हतं.

भाच्यानं अर्ध्या कागदावर तीन ओळी लिहिल्या. घराची जमीन एका पातळीवर. न्हाणी नालीच्या वर. आजीच्या वाटेवर पायरी नाही. ‘‘हे तीन सोडून बाकी सगळं मिस्त्री आणि मामी ठरवतील,’’ असं म्हणून तो आपल्या स्टँडअपला निघून गेला. टाइल्सचा रंग, कमोडची जागा, ओट्याची लांबी याबद्दल त्याला कुणी विचारलं तर तो म्हणे, ‘‘ते चुकलं तर पुन्हा बदलता येईल. मला फक्त न बदलता येण्याजोगं विचारा.’’ या कागदावर मिस्त्रींनी भाकर ठेवली नाही. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

पाऊस यायच्या आत काम झालं. पहिल्या दिवशी आई माजघरातून न्हाणीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मग खुर्चीत बसून म्हणाली, ‘‘पानी दे वं एक पेला. भरून दे.’’

भाच्यानं कंपनीला टिपण धाडलं. त्यात आमच्या न्हाणीची हकीकत होती म्हणतात. साहेबांनी काय ठरवलं? आर्किटेक्ट हे पद रद्द झालं आणि भाचा एका टीममध्ये साधा सभासद म्हणून बसला. पाटी गेली. पण त्याचा फोन आला तेव्हा आवाज चांगला होता. म्हणाला, ‘‘मामा, आता सगळेच विचारायला लागलेत, हे असं का म्हणून.’’ मला वाटतं, हे झाडाला फळ लागल्यासारखंच असावं. नाहीतरी कस्टमर सर्व्हिस असोसिएटला लोक बाबूच म्हणतात.

जाण्याआधी त्यानं एक काम माझ्याकडे सोपवलं होतं. न्हाणीशेजारच्या भिंतीतल्या कपाटात, आतल्या बाजूला, रंगारी पोचणार नाही अशा जागी मी ऑइल पेंटनं लिहिलं : ‘न्हाणी दोन इंच उंच आहे. नालीचं पाणी उलटं येतं म्हणून. खाली घेऊ नये.’ खाली तारीख घातली. आई पाठीशी उभी राहून पाहत होती.

बँकेत कुठलीही एंट्री एकानं करायची आणि दुसऱ्यानं तपासायची असा नियम आहे. मी ब्रश तिच्या हातात दिला.

‘‘मी कायले?’’

‘‘तपासणारी तू.’’

तिनं चष्मा सारखा केला, माझं अक्षर वाचलं आणि म्हणाली, ‘‘रेघेचं नाई लिहिलं.’’

मी रेघेचं लिहिलं. मग तिनं सही केली.